लाल शाईचा बांध

डॉक्टर शीला कर्णिकांच्या फियाटमध्ये, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला जो कप्पा असतो ना, त्यात एक नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, घड्या पडून पडून मऊ झालेला, आणि इतका जुना की त्यात अर्धं ठाणं म्हणजे नुसती भातशेती. डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांनी तो हौसेने हातानं काढला होता. जुने ड्रायव्हर होते तोवर त्याला सहसा कुणी हात लावला नाही, कारण त्यांना सगळे रस्ते तोंडपाठ. पण ते नोकरी सोडून गावी गेले, जुन्नरकडून कुंडलिककाका आले, आणि तो नकाशा कप्प्यातून बाहेर निघाला.

कुंडलिककाका घाटात गाडी अशी चालवायचे की मागच्या माणसाच्या मांडीवरचा चहा सांडणार नाही. ठाण्यात मात्र ते नौपाड्यातून निघायचे आणि वळत वळत पुन्हा नौपाड्यातच यायचे.

त्या दिवशी दवाखान्याबाहेर गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून ते डोकं खाजवत उभे होते. शेजारून एक आवाज आला, "काका, उलटा धरलाय."

दोन वेण्या, निळा स्कर्ट, पाठीवर दप्तर. ही गोदा मढवी, कोलशेतच्या पुढे खाडीला लागून बांधपाडा आहे तिथली. नववीत. वहिनीच्या लोहाच्या गोळ्या न्यायला आलेली.

"सरळ धरला तरी काय फरक पडतोय?" काका म्हणाले. "हितं तळं दावलंय. मी आत्ता जाऊन आलो तर चार मजली बिल्डिंग. तळं गेलं कुठं?"

"बुजवलं."

"मग तसं ह्या कागदाला कुणी कळवायचं?"

गोदा खो खो हसली. गेल्या वर्षीची गोदा असती तर मान खाली घालून निघून गेली असती. आठवीत ती वर्गात 'पानी' म्हणाली होती आणि नौपाड्याच्या मुली जी हसल्या, त्यानंतर वर्षभर तिनं तोंड उघडलं नाही. मग एकदा भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर ठाणे जिल्हा काढायला कोण येतं विचारलं. कुणीच उठेना. गोदा उठली, आणि वसईच्या खाडीपासून शहापूरच्या डोंगरापर्यंत खडू न उचलता काढून मोकळी झाली. बाई म्हणाल्या, "अगं, तू इतके दिवस कुठे होतीस?" झालं! तेव्हापासून तिला गप्प बसवणं कुणाला जमलेलं नाही.

पण हसता हसता तिची नजर नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात गेली आणि हसू थांबलं. कोपऱ्यात तिचा पाडाच नव्हता. 'मिठागर' असं लिहून वर आडव्या रेघा मारल्या होत्या.

गेल्या वर्षी वहिनीच्या पोटात एकाएकी दुखायला लागलं तेव्हा हीच गाडी, हाच कागद घेऊन निघाली होती. जुने ड्रायव्हर रजेवर, बदलीचा माणूस नवा. कंपन्यांच्या भिंतींमधून गाडी फिरत राहिली, दुसऱ्याच पाड्यावर जाऊन विचारत बसली. पोचली तेव्हा आवडावहिनीचं बाळ गेलेलं होतं. डॉक्टरीणबाई ओट्यावर बसून रडल्या होत्या. घरात त्यांना कुणीच बोल लावला नाही, उलट गोदाच्या आयनं त्यांना पाणी दिलं. ते पाणी गोदाच्या मनात तसंच राहिलं होतं.

आणि आता वहिनीला पुन्हा सहावा महिना होता.

गोदा तडक आत गेली. "डॉक्टरीणबाई, तुमचा नकाशा मी नवा करून देते. फुकट."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. "रविवारी मी गाडी वापरत नाही," त्या म्हणाल्या. "कुंडलिक, पोरीला म्हणेल तिथं न्या. आणि परतही आणा हं, नाहीतर दोघं नौपाड्यातच फिरत बसाल."

मग काय सांगावं! चार-पाच रविवार गोदा पुढच्या सीटवर राणीसारखी बसली. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नकाशा, डब्यात मैद्याची खळ. जिथं बदल झालाय तिथं कागदाची पट्टी चिकटवायची आणि वर नवा रस्ता काढायचा, अशी तिची रीत. बाळकूम झालं, ढोकाळी झाली, कळवा झालं. एक रविवार दिव्याला आणि तिथून डोंबिवलीला. दिव्यात जाताना एका बाजूला मोकळी जागा होती, येताना तिथं पाया खणत होते. गोदानं लावलेली पट्टी ओली असतानाच जुनी झाली.

"हे असं कसं चालंल?" काका म्हणाले.

"म्हणून मी फक्त न हलणारं लिहिते," गोदानं ऐटीत सांगितलं. "पानवाला लिहायचा नाही, तो हलतो. गोठा लिहायचा नाही. देऊळ लिहायचं, पूल लिहायचा, विजेचा मोठा डबा लिहायचा."

"आन् त्यो कुत्रा? मघापासनं तिथंच बसलाय, हलत नाय."

"काका!"

रस्ता विचारायलाही तीच उतरायची. लोक पत्ता सांगायचे तो असा: "भिवाजीच्या विहिरीवरून उजवीकडं." विहीर बुजलेली, भिवाजीही उरलेला नाही, पण उजवीकडं मात्र तिथूनच. गोदा विहिरीच्या जागी आता काय उभं आहे ते शोधून काढायची आणि परत येऊन सीटवर उडी मारायची. "चला काका, सापडलं!" काका आधी हसायचे, मग गाडी सुरू करायचे. हळूहळू त्यांनी स्वतःचं डोकं खाजवणं सोडलं. चौक आला की विचारायचे, "नकाशा काय म्हणतो?"

शेवटच्या रविवारी दोघं बांधपाड्याला आले. त्यासाठी गोदानं लाल शाईची नवी दौत राखून ठेवली होती. पाड्याला दोन वाटा. एक लांबची, कंपन्यांच्या मागून वळसा घालून, ट्रकांच्या रांगांतून रडतखडत जाणारी. दुसरी मिठागराच्या बांधावरून. एका अंगाला खाडी, एका अंगाला मिठाचे कप्पे, मधून मिठाचे ट्रक जातील एवढी रुंद, सरळ वाट. त्या दिवशी पाणी लांब होतं, पावसानंही चार दिवस उघडीप दिलेली, बांध कोरडा खडखडीत. काकांनी फियाट अशी नेली की जणू विमानाची धावपट्टी.

"लई भारी रस्ता दडवून ठेवलावता की गं तुम्ही!"

गोदानं तो बांध लाल शाईनं जाड काढला. शेवटी एक इवलंसं घर काढलं, दारात तुळस. घरी दाखवलं तर बा म्हणाला, "हां, बराबर." आनंदादादा म्हणाला, "बराबर." आय म्हणाली, "तुलस येवरी मोठी नाय आपली." सगळ्यांनी नकाशा तपासला. सगळ्यांना तो बरोबर वाटला. आता ह्यात काय चुकलं होतं, ते सांगायची वेळ दोन महिन्यांनी आली.

कोजागिरीचा दिवस. सकाळ सरता सरता वहिनीला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते. बाळ पायाळू आहे, पाय खाली आणि डोकं वर, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बघून ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात तिला नौपाड्याला दवाखान्यात आणून ठेवायचं ठरलेलं. त्याआधी काही झालं तर कुणी हात लावायचा नाही, मला बोलवायचं, मी येईन, असं त्यांनी बजावलेलं. आनंदादादा धावत कंपनीच्या गेटवर गेला आणि तिथल्या फोनवरून दवाखान्यात निरोप देऊन परत आला.

"निघाल्या!" तो धापा टाकत म्हणाला. "आत्ता निघाल्या, अर्ध्या घंट्यात पोचतील."

गोदानं टाळ्या वाजवल्या. "बघा! आता चुकायचं नाय. माझा नकाशा हाय गाडीत. सरळ बांधावरनं येतील."

चुलीपाशी पाणी तापवत बसलेल्या आयचा हात थांबला.

"बांधावरनं?"

"मग?"

"अगो, आज पुनव नं."

गोदा तशीच उभी राहिली. पुनव. पुनवेला आणि अवसेला खाडीला उधाण येतं, भर दुपारी पाणी चढतं, आणि बांधाच्या मधोमध जिथं उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार, तिथं बांध खचलाय, तेवढा पट्टा तासा-दोन तासांसाठी पाण्याखाली जातो. हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे गोदा पाढ्यांच्या आधी शिकली होती. त्या दिवशी बांधावर कुणी पाऊल टाकत नाही. इतकं ठाऊक, इतकं ठाऊक, की ते कागदावर लिहायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बाच्या नाही, दादाच्या नाही, आयच्या नाही. आणि गोदाच्या तर नाहीच.

आणि कुंडलिककाका जुन्नरचे. त्यांच्याकडं डोंगर वर-खाली होत नाही.

"आता गाडी परत वळवून लांबनं आली तर?" दादानं विचारलं.

"कंपनीची पाळी सुटेल आता," बा म्हणाला. "ट्रकांत अरकली की तासभर नाय पोचत."

आतून वहिनीचा आवाज आला. ओरडणं नव्हतं, दात आवळून धरलेला श्वास होता. गोदा कशी निघाली, पायात चप्पल होती की नव्हती, तिला ठाऊक नाही. ती बंदराकडं पळाली. तिथं पाड्यावरचा दामाजीतात्या होडीत बसून जाळ्याचे गुंते सोडवत होता.

"तात्या, होडी काढ! डॉक्टरीणबाई बांधाव अरकतील!"

"कोन?"

"वयनीची डॉक्टरीण! नकाशात मी उधाण नाय लिवला!"

दामाजीला नकाशाचं ओ की ठो कळलं नसेल. पण वयनी कळलं, उधाण कळलं. त्यानं जाळं तिथंच टाकलं. "चर," म्हणाला, आणि ती होडीत चढते न चढते तोच वल्हं मारलं.

मिठागराच्या बाहेरून होडी निघाली. पाणी भरभरून आलेलं, चिखलाचा वास दाबून टाकणारं, ऊन पडून नुसतं चकाकत होतं. एरवी गोदाला हे पाणी फार आवडायचं. आज ती त्याच्याकडं बघतही नव्हती. ती बांध शोधत होती. अलीकडचा तुकडा दिसला. पलीकडचा दिसला. मध्ये काही नाही, सपाट पाणी. आणि पलीकडच्या टोकाला पांढरी फियाट.

उभी होती! पाण्याच्या चार हात आधी उभी होती. गोदाचा जीव भांड्यात पडला.

पण क्षणभरच. कारण फियाट मागं सरकायला लागली. हळूहळू, बांधाच्या कडा सांभाळत, कुंडलिककाका ती रिव्हर्समध्ये परत नेत होते. एकदा का ती रस्त्याला लागून लांबच्या वाटेला वळली, की संपलं.

"काकाऽऽ! थांबाऽऽ!"

खाडीवरचा वारा उलटा. आवाज तिचा तिलाच परत आला.

"बावटा काढ," दामाजी वल्हं न थांबवता म्हणाला.

होडीच्या नाळीवर, पुढच्या टोकाला, बावटा होता, लाल-पिवळा, नारळी पुनवेला लावलेला, उन्हानं विटलेला. गोदानं तो काठीसकट उपटला, फळीवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी असा फडकवला की होडी डुगडुगायला लागली.

"बस खाली, बुरवशील आपल्याला!"

"नाय बसत!"

फियाट मागं जात राहिली. थोडी. अजून थोडी. मग थांबली. दार उघडलं, कुंडलिककाका बाहेर आले, डोळ्यांवर हात धरून बघायला लागले. आणि मग त्यांनी जो हात वर केला, तो बघून गोदा फळीवरून खाली बसली ती रडायलाच लागली.

होडी बांधाला लागली. डॉक्टरीणबाई साडीचा पदर खोचून, बॅग छातीशी धरून तयार उभ्या होत्या. दामाजीनं हात दिला. "बसा बाय, घाबरू नका."

"मी कुठं घाबरते? ती मुलगी रडतीय, तिला सांगा," बाई म्हणाल्या आणि होडीत बसल्या.

कुंडलिककाका काठावर उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरलेला. गोदा तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "आगं, माफ कर पोरी. कुठं वळायचं चुकलो काय कळंना. म्हटलं, गोदाच्या नकाशात हितं रस्ता हाय म्हणजे हायच. पाणी दिसतंय म्हंजी मीच भलत्या बांधावर आलो. म्हणून माघारी चाललोवतो."

समोर हात-दीड हात पाणी होतं, आणि हा माणूस डोळ्यांपेक्षा तिच्या लाल शाईवर विश्वास ठेवून स्वतःलाच चूक ठरवत होता. तरी पाण्यात गाडी घातली नाही त्यानं. विश्वास ठेवला आणि थांबलाही.

"काका, तुम्ही बरोबर आलात. चूक माझी हाय. रस्ता हाच. आज फक्त तो पान्याखाली हाय."

ती 'पान्याखाली' म्हणाली. कुणी हसलं नाही.

"मग मी हितंच थांबतो," काका म्हणाले. "तुमी व्हा म्होरं. रस्ता वर आला की येतो."

होडी वळली. परतीला वारा पाठीशी होता. दामाजीच्या दंडाच्या शिरा फुगलेल्या, बाई घड्याळ न बघता नुसत्या समोर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "गोदा, रडून झालं असेल तर सांग, कळा किती वेळानं येतायत?" गोदानं नाक पुसलं आणि सांगितलं, तिनं ते सगळं लक्षात ठेवलेलं होतं. बाईंनी मान हलवली. "छान. मग वेळ आहे आपल्याला."

तो 'आपल्याला' गोदानं घट्ट धरून ठेवला.

पुढचं ती दाराबाहेर बसून ऐकत होती. आयचं धावणं, भांड्यांचे आवाज, बाईंचा शांत, जराही न चढणारा सूर, "आता नाही, आता नाही आवडा, थांब... आता!" आनंदादादा अंगणात फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला तुळशीला अडखळत होता. बा भिंतीकडं तोंड करून बसला होता. दामाजी गेला नव्हता. ओल्या लुंगीनं ओट्याच्या कडेला बसून होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायची कुणाची हिंमतही नव्हती.

मग एक बारीकसा, चिडका, अगदी तक्रारीचा आवाज आला. बा वळला. दादा तुळशीपाशी मटकन खाली बसला.

आय दारात आली. तिचं तोंड हसत होतं आणि डोळे वाहत होते. "पोरगी झाली! पाय आधी टाकून आली."

"आत्यावर गेली," दामाजी म्हणाला. "रस्ता बगाया आधी पाय."

वहिनी बरी होती. थकलेली, घामानं भिजलेली, पण बरी. तिनं गोदाला जवळ बोलावलं आणि तिच्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. दोघी तशाच राहिल्या.

ऊन कलायला लागलं तशी बाहेर भोंगा वाजला. अंगणात फियाट! चाकांना चिखल, बॉनेटवर मिठाचे पांढरे शिंतोडे, आणि आत कुंडलिककाका, नकाशा स्टिअरिंगवर पसरलेला.

"आला की गं वर!" ते ओरडत उतरले. "पाणी असं सरकत सरकत गेलं आन् खालनं तुझा रस्ता निघाला, नकाशात हाय तस्सा! म्या आयुष्यात आसं बघितलं नव्हतं." मग एकदम हळू आवाजात, "काय झालं?"

"पोरगी. दोघी बऱ्या."

काकांनी टोपी काढली आणि खाडीच्या दिशेनं हात जोडले. मग दामाजीकडं वळून त्यालाही जोडले. दामाजी लाजला. "माना कं जोरतं? मी जालं सोरवत व्हतो."

आयनं चहा टाकला. कोजागिरीचं म्हणून ठेवलेलं दूध त्यातच संपलं, आणि रात्रीच्या मसाला दुधाची आठवण कुणी काढली नाही. चहा पिता पिता गोदानं ओट्यावर नकाशा पसरला. लाल बांधावर उघाडीच्या जागी निळ्या शाईनं लाटा काढल्या, आणि शेजारी पट्टी चिकटवून बारीक अक्षरांत लिहिलं: पुनव-अवसेच्या आणि मागच्या-पुढच्या दिवसांच्या दुपारी हा रस्ता नसतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्या वेळेला लांबच्या वाटेनं या, नाहीतर बंदरावर दामाजीतात्याला हाक मारा.

"कुनी मारली तरी येन," दामाजी म्हणाला. त्याला वाचून दाखवलं होतं.

"पाऊणपट म्हंजी कसं?" काकांनी विचारलं. गोदानं समजावलं. काकांनी बोटांवर करून बघितलं. "म्हंजी अष्टमीला सहा?"

"सहा."

"दशमीला साडेसात!"

"काका, तुम्ही आगरी झालात."

"जुन्नरचा आगरी," काका म्हणाले आणि स्वतःवरच खूश होऊन त्यांनी बशी तोंडाला लावली.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या, नकाशाकडं बघत उभ्या राहिल्या. खालच्या कोपऱ्यात त्यांच्या सासऱ्यांची जुनी सही होती, फिकट झालेली. "गोदा, तुझं नाव लिही इथं," त्या म्हणाल्या. "ज्यानं नकाशा सुधारला त्याचं नाव असायला हवं."

गोदानं पेन उचललं. गोदा काळुराम मढवी, इयत्ता नववी, असं सुबक लिहिलं. मग थांबली. तिला ते नाव फार एकटं वाटलं. तिनं त्याच्याखाली दामाजीतात्याचं नाव लिहिलं. त्याच्याखाली आयचं, जिला पुनव आठवली. आणि सगळ्यात खाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं: कुंडलिककाका, जे रस्ता दिसला नाही तेव्हा थांबले, आणि बावटा दिसला तेव्हाही थांबले.

"माझं कशाला?" काका म्हणाले. पण नकाशाची घडी त्या दिवशी त्यांनी अशी घातली की तो कोपरा वर राहील.